कौटुंबिक न्यायालयातली वकिली: कलमं पाठ आहेत, काम कसं शिकू?

पहिलं_वकीलपत्र

नमस्कार. सनद घेऊन आठ महिने झाले. ज्या सरांकडे ज्युनियर म्हणून बसते त्यांचं बहुतेक काम वाटपाच्या दाव्यांचं आणि मनाई हुकुमांचं. मला मात्र कौटुंबिक प्रकरणं चालवायची आहेत. सर म्हणतात, "कर, मी पाठीशी आहे." हिंदू विवाह कायदा, विशेष विवाह कायदा, कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा, पोटगीची कलमं, सगळं वाचून झालंय.

मागच्या महिन्यात सर बाहेर असताना एक बाई आल्या. (ओळख पटेल असं काहीही लिहीत नाही, तपशील बदललेत.) दीड तास बोलल्या, रडल्या, मी चार पानं भरून लिहून घेतलं. संध्याकाळी सरांनी विचारलं, "लग्नाची तारीख? शेवटचे एकत्र कुठे राहिले? मूल किती वर्षांचं? आधी कुठे काही अर्ज केलाय का?" यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्या चार पानांत नव्हतं. त्यांनी काय सोसलं ते सगळं होतं, आणि तेवढ्यावरून अर्जाचा पहिला परिच्छेदही लिहिता येईना.

त्या बाई पुन्हा येणार आहेत. त्यांच्या बाबतीत चूक व्हायला नको, म्हणून विचारतेय. पक्षकाराशी कसं बोलायचं, मसुदा कसा लिहायचा, पुरावा कसा जमवायचा, हे तुम्ही लोक कुठून शिकलात? कॉलेजात यातलं काही शिकवलं नाही.

जुनी_वकिली

बावीस वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना?

पहिली गोष्ट. तू त्या बाईंना दीड तास बोलू दिलंस हे बरोबरच केलंस, ते वाया गेलं असं समजू नकोस. कित्येक जणी आमच्यासमोर बसेपर्यंत हे कुणाशीच सलग बोललेल्या नसतात. मी तर पहिली वीस-पंचवीस मिनिटं पेन हातातच घेत नाही. आपण लिहायला लागलो की माणूस आपल्या पेनाकडे बघून बोलतो. जे लिहिलं जातंय तेच वाढवतो आणि जे लिहिलं जात नाही ते गिळून टाकतो.

त्यानंतर मात्र कागद आडवा धरायचा आणि चार रकाने आखायचे: तारीख, काय घडलं, तेव्हा कोण हजर होतं, त्याचा कागद कुठे आहे. हा तक्ता पक्षकाराच्या समोर बसून भरायचा. तारखा लोकांना आठवत नाहीत, पण बाकीच्या गोष्टींवरून काढता येतात. "मुलगी तेव्हा कितवीत होती?" "तुम्ही माहेरी गेलात ते परीक्षेच्या आधी की नंतर?" असं विचारत गेलं की महिना तरी सापडतो. सापडला नाही तर 'अंदाजे' असं स्पष्ट लिहायचं. ठोकून दिलेली तारीख उलटतपासात हमखास अंगावर येते.

तुझ्या सरांनी विचारलेल्या चार प्रश्नांमागे एकेक कारण आहे. लग्न कुठे झालं, शेवटचे एकत्र कुठे राहिले, समोरचा आता कुठे राहतो आणि बायको अर्जदार असेल तर ती स्वतः कुठे राहते, यावरून हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९खाली याचिका कोणत्या न्यायालयात लावायची ते ठरतं. यातला शेवटचा पर्याय २००३च्या दुरुस्तीने आला, आणि तो बायकांसाठी फार मोलाचा आहे. लग्नाची तारीख हवी, कारण त्याच कायद्याच्या कलम १४प्रमाणे पहिल्या वर्षात घटस्फोटाची याचिका सहसा दाखल करता येत नाही, त्यासाठी असाधारण हालअपेष्टांचं कारण दाखवून परवानगी लागते. मुलाचं वय हवं, कारण पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा असं १९५६चा पालकत्वाचा कायदा सांगतो. आणि आधीचे अर्ज लपवले तर पुढचं सगळंच अडचणीत येतं.

यावर माझे दोन प्रश्न मी स्वतः घालते, आणि ते कधीच चुकवत नाही. "आज रात्री तुम्ही जिथे झोपणार आहात तिथे तुम्हाला भीती आहे का?" उत्तर 'हो' आलं तर घटस्फोटाचा विचार बाजूला ठेवायचा आणि हिंसाचाराच्या कायद्यातल्या कलम २३खाली तातडीचा अंतरिम आदेश मागायच्या तयारीला लागायचं. दुसरा प्रश्न: "समजा निकाल तुमच्या बाजूने लागला, तर दुसऱ्या दिवशी काय बदललेलं हवंय?" ह्याचं उत्तर ऐकून माझा सगळा आराखडा कितीदा तरी बदललाय.

अजून एक. पक्षकाराला एकटं भेट. वडील, भाऊ, मामा सोबत येतात आणि तेच बोलतात. त्यांना प्रेमाने बाहेर बसवायचं. सूचना पक्षकाराच्याच घ्यायच्या, हे बार कौन्सिलच्या आचारनियमांतही आहे.

खिडकी

एक मूलभूत शंका. कौटुंबिक न्यायालयात वकिलाला उभंच राहता येत नाही असं ऐकलंय, मग हे सगळं शिकून उपयोग काय?

जुनी_वकिली

@खिडकी, कुटुंब न्यायालय कायदा, १९८४, कलम १३ वाचा. वकील देण्याचा पक्षकाराला हक्क म्हणून दावा करता येत नाही, एवढंच त्यात आहे. न्यायालय परवानगी देऊ शकतं. वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्ज द्यायचा. जिथे स्वतंत्र कुटुंब न्यायालय नाही तिथे ही याचिका नेहमीच्या दिवाणी न्यायालयात चालते, तिथे हा प्रश्न येत नाही.

मात्र या कलमाचा अर्थ मनात ठेवावा. तिथे न्यायाधीश पक्षकाराशी थेट बोलतात, आणि त्या वेळी आपण मध्ये पडलेलं त्यांना चालत नाही. म्हणून पक्षकाराला स्वतःचं प्रकरण स्वतःच्या शब्दांत माहीत असायला हवं.

शाईचा_डाग

वरचा तक्ता सोन्यासारखा आहे. मी मसुद्याबद्दल लिहितो, आणि माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. ती अजून मला सलते.

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी नवऱ्याच्या बाजूने कैफियत, म्हणजे याचिकेला लेखी उत्तर, लिहीत होतो. पक्षकाराने सांगितलं, बायकोचे एका सहकाऱ्याशी संबंध आहेत. पुरावा काय, विचारलं. "मला माहीत आहे," एवढंच उत्तर. तो फारच आग्रहाला पेटला होता आणि मलाही वाटलं, एक परिच्छेद असू दे, दबाव राहील. लिहिला. पुढे आठ महिन्यांनी समुपदेशकांनी दोघांना जवळजवळ तडजोडीपर्यंत आणलं होतं. मुलाच्या शाळेचं ठरलं, घराचं ठरलं. त्या दिवशी त्या बाईंनी पहिल्यांदा ती कैफियत नीट वाचली. तोपर्यंत त्यांना वकिलांनी फक्त सारांश सांगितला होता. वाचून झाल्यावर त्या उठल्या, कुणाशी काही बोलल्या नाहीत आणि निघून गेल्या. पुढे ते प्रकरण सहा वर्षं चाललं. मूल तेव्हा चार वर्षांचं होतं.

नंतर निवाडे वाचताना कळलं की चारित्र्यावर बिनबुडाचे आरोप कैफियतीत केले, तर ते आरोपच मानसिक क्रूरता ठरू शकतात. २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंच ठरवलं. त्या प्रकरणात ते आरोप नंतर दुरुस्तीने काढून टाकले होते, तरी उपयोग झाला नाही. म्हणजे मी माझ्याच पक्षकाराविरुद्ध घटस्फोटाचं कारण लिहून दिलं होतं.

तेव्हापासून प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने लिहितो: हे शपथेवर कोण सांगणार? नाव सुचलं नाही की वाक्य खोडतो. मग दुसऱ्यांदा वाचतो ते समोरच्या माणसाच्या डोळ्यांनी. त्याला राग येणारच, त्याला इलाज नाही. पण विनाकारण अपमान झालाय का, एवढं बघतो.

बाकी लेखनाच्या सवयी थोडक्यात. 'सतत', 'वारंवार', 'नेहमीच' या शब्दांनी काहीच सिद्ध होत नाही. तीन घटना घ्या, तारीख-जागा-हजर माणसं यांच्यासह मांडा, त्यांचं वजन तीस विशेषणांपेक्षा जास्त असतं. जुन्या याचिकेवर नावं बदलून नवी याचिका करू नका. एका ज्युनियरने केलेल्या मसुद्यात 'उभयतांना अपत्य नाही' तसंच राहून गेलं होतं आणि मागणीत मात्र मुलीचा ताबा मागितला होता. सुदैवाने दाखल करण्याआधी दिसलं. आणि महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, तर मराठीत लिहा. पक्षकार शपथ घेऊन सही करतो तो मजकूर त्याला कळायला हवा. सही घेण्याआधी मी पूर्ण याचिका मोठ्याने वाचून दाखवतो. प्रत्येक वेळी निदान एक चूक पक्षकारच दाखवतो.

पहिलं_वकीलपत्र

@शाईचा_डाग, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. "दबाव राहील" हे वाक्य मी कोर्टात रोज ऐकते.

आकडेमोड

पोटगीचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. नवीन वकील पोटगीच्या अर्जात वाक्यं भरपूर लिहितात आणि आकडे कमी.

नोव्हेंबर २०२०च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' निवाड्यापासून दोन्ही बाजूंनी मालमत्ता, उत्पन्न आणि देण्यांचं शपथपत्र देणं आवश्यक झालंय. नमुना निवाड्यालाच जोडलेला आहे. तो छापून घ्या आणि आधी स्वतःचं उत्पन्न घालून भरून बघा. कुठल्या रकान्यात माणूस अडतो, कुठे टाळाटाळ करता येते, ते अर्ध्या तासात कळतं. त्याच निवाड्याने सांगितलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि एका कायद्याखाली पोटगी मिळत असेल तर दुसऱ्या अर्जात ते उघड करायचं.

मग पगारपत्रक वाचायला शिका. हातात येणारा पगार आणि खरा पगार यांत फरक असतो. आयकर कापला जातो ते ठीक. पण स्वेच्छेने वाढवलेला भविष्य निर्वाह निधी, पतपेढीची वर्गणी, स्वतःहून घेतलेल्या कर्जाचा हप्ता, या गोष्टी दाखवून 'हातात काहीच उरत नाही' म्हटलं जातं. न्यायालयं साधारणपणे सक्तीच्या कपाती आणि स्वेच्छेची बचत यांत फरक करतात. तो फरक आपण तक्त्यात दाखवला तर दिसतो, नाहीतर नजरेतून सुटतो.

धंदेवाईक माणसाचं उत्पन्न विवरणपत्रात कमी दिसेल, पण खर्च बोलतो. मुलाच्या शाळेची फी, गाडीचा विमा, घराचं भाडं कुठल्या खात्यातून जातंय? बँकेच्या उताऱ्यावर तीन रंगांच्या पेनांनी खुणा करा: नियमित जमा, रोख जमा, मोठा खर्च. उलटतपासातले निम्मे प्रश्न तिथेच मिळतात.

थकबाकीचं एक लक्षात ठेवा. जुन्या फौजदारी संहितेचं कलम १२५ म्हणजे १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. तिथे वसुलीचं वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. "अजून दोन-चार महिने बघू" म्हणत वर्ष उलटलेल्या बायका मी पाहिल्यात. पोटगीचा आदेश झाला त्याच दिवशी डायरीत नोंद करा.

आणि पोटगीच्या रकमेतला वाटा फी म्हणून ठरवू नका. आचारनियमांनुसार ते चालत नाही, आणि तो पैसा मुलांच्या ताटातला असतो.

समुपदेशनाच्या_खोलीतून

मी वकील नाही. कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून काम केलंय. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ९प्रमाणे तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, म्हणून प्रकरण आमच्याकडे येतं. नव्या वकिलांना माझी कळकळीची विनंती: समुपदेशनाच्या तारखेला 'नुसती तारीख' म्हणू नका.

पक्षकार आमच्यासमोर बसतात तेव्हा लगेच कळतं की कोणाला पढवून पाठवलंय. पढवलेला माणूस तीच चार वाक्यं बोलतो, प्रश्न कुठलाही असो. त्याला दोनच गोष्टी सांगून पाठवा: इथे बोललेलं गोपनीय राहतं, आणि तुला खरंच काय हवंय ते बोल. मुलांना आणायचं असेल तर त्यांना काही शिकवून आणू नका. सात वर्षांची मुलगी 'आर्थिक जबाबदारी' असा शब्द वापरते तेव्हा तो तिच्या तोंडी कुणी घातला ते आम्हाला विचारावं लागत नाही.

मध्यस्थ

वरच्या सगळ्यांशी सहमत, आणि एक पाऊल पुढे जाईन. माझ्या मते नव्या वकिलाने पहिल्या वर्षीच मध्यस्थी शिकून घ्यावी, खटला चालवणं नंतर. सर्वोच्च न्यायालयाने २०१३पासून वैवाहिक वादात मध्यस्थीवर भर दिलाय. कौटुंबिक वादातला प्रत्येक निकाल हा अर्धवटच असतो, तडजोड मात्र दोघांची असते. प्रत्येक प्रकरणात वकिलाने आधी तडजोडच सुचवावी.

धग

@मध्यस्थ, 'प्रत्येक' या शब्दाला माझा ठाम विरोध आहे.

मी अकरा वर्षं प्रामुख्याने हिंसाचाराची प्रकरणं बघतेय. जिचा हात मोडलाय तिला आणि ज्याने तो मोडला त्याला एका टेबलाशी बसवून "दोघांनी थोडं थोडं सोडा" म्हणायचं, यात ती काय सोडणार? अशा बैठकीत ती त्याच्या डोळ्यांकडे बघून हो म्हणते. मी सुरुवातीला अशी एक तडजोड करून दिली होती. कागदावर फार सुरेख होती. तीन महिन्यांत ती बाई रुग्णालयात होती. पोटगीपेक्षा तिला आधी संरक्षणाचा आदेश हवा होता, आणि तो मी मागितलाच नव्हता.

मध्यस्थी शिकावीच. पण त्याआधी भीती ओळखायला शिकावं. नवऱ्याचा फोन आला की ती कशी बसते? प्रश्नाचं उत्तर देण्याआधी दाराकडे बघते का? पैसे, फोन, कागदपत्रं कोणाच्या ताब्यात आहेत?

मध्यस्थ

@धग, मान्य. 'प्रत्येक' हा शब्द मागे घेतो. दोघं मोकळेपणी नाही म्हणू शकतात का, हे आधी एकेकट्याला भेटून तपासलं पाहिजे. मध्यस्थीच्या प्रशिक्षणात हे सांगतात, पण घाईत सुटून जातं.

पहिलं_वकीलपत्र

खूप काही मिळतंय. दोन प्रश्न अजून. त्या बाईंकडे व्हॉट्सॲपवरचे मेसेज आहेत, त्यांचं काय करायचं? आणि मुलाच्या भेटीच्या आदेशात काय काय मागायचं?

शाईचा_डाग

मेसेजचं मी सांगतो. फक्त स्क्रीनशॉटच्या प्रिंट जोडून भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ बघा, आधी हे जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलमध्ये बदल झाला की बदलणारा तिचा संगणकीय ठसा) लिहायचं असतं. कुटुंब न्यायालयाला कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १४ने पुराव्याच्या बाबतीत बरीच मोकळीक दिली आहे, पण त्या भरवशावर राहू नका. तेच मेसेज उद्या मॅजिस्ट्रेटसमोर लागतील.

आजच त्यांना फोन करा आणि सांगा: फोन बदलू नका, विकू नका, चॅट डिलीट करू नका, पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा. निवडक चार ओळी दिल्या की समोरचा वकील मधल्या चाळीस ओळी घेऊन येतो. त्या मधल्या ओळी आधी तुम्ही वाचा, तुमच्या पक्षकाराने काय लिहिलंय तेही बघा.

पती-पत्नीतलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून येऊ शकतं असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये म्हटलंय. तरी कुणाचाही फोन किंवा ईमेल उघडून बघायचा सल्ला पक्षकाराला देऊ नका. तो वेगळा गुन्हा होऊ शकतो, आणि सल्ला तुमचा असतो.

जुनी_वकिली

भेटीच्या आदेशाचं मी सांगते. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

'वडिलांना मुलाला भेटण्याची वाजवी मुभा राहील' असं वाक्य कधीही मागू नकोस आणि मान्यही करू नकोस. वाजवी म्हणजे काय यावर पुढची चार वर्षं भांडण होतं. कुठला वार, किती ते किती, मूल कुठे सोपवायचं, कोणी आणायचं, मूल आजारी असेल तर आदल्या दिवशी कसं कळवायचं आणि ती भेट कधी भरून द्यायची, सुट्टी कशी वाटायची, व्हिडिओ कॉल किती वाजता, शाळेच्या पालकसभेला दोघं येणार का. एवढं सगळं लिहायचं. मूल आजीशी फार जोडलेलं असेल तर आजीची भेटसुद्धा लिही. कायद्यात मुलाचं हित सर्वोपरी म्हटलंय, ते अशा बारीक तपशिलांतून उतरतं. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी स्वतंत्र बोलतात. त्याआधी आपण त्याच्याशी प्रकरणाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही.

संमतीच्या अटींनाही हेच लागू आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३बच्या, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोटाच्या, याचिकेत पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात सहा महिन्यांचं अंतर असतं. 'अमरदीप सिंग' निवाड्यानंतर, म्हणजे २०१७पासून, ते माफ होऊ शकतं. पण त्यासाठी पहिल्या अर्जाआधीच दीड वर्षाचं वेगळं राहणं झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, मुलं वगैरे सगळं मिटलेलं असावं. ते अंतर चालू असताना एखादा पक्ष संमती मागे घेऊ शकतो, म्हणून रक्कम टप्प्यांनी आणि प्रत्येक टप्पा कशाला बांधलाय ते लिहायचं. स्त्रीधनाची यादी वस्तूवार करायची. आणि छळाची फौजदारी तक्रार असेल तर 'मागे घेऊ' असं लिहून ती मिटत नाही. तो गुन्हा तडजोडपात्र नाही, रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. कोण अर्ज करणार, कधी, दुसऱ्याने शपथपत्र कधी द्यायचं, तेही अटींतच आलं पाहिजे.

दुसरी_बाजू

मी वकील नाही. माझा घटस्फोट झाला, पाच वर्षं लागली. धागा वाचत होते, राहवलं नाही.

माझे वकील हुशार होते, त्यांनी कामही चांगलं केलं. पण प्रत्येक तारखेनंतर मला एकच वाक्य मिळायचं: "पुढची तारीख पडली." ती का पडली, आज काय झालं, पुढच्या वेळी मी यायचं की नाही, काही कळायचं नाही. मी ऑफिसातून रजा काढून यायचे आणि बाकावर बसून परत जायचे. मला रोज फोन नको होता. तारखेच्या दिवशी संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज आला असता तरी मला त्या रात्री झोप लागली असती.

धग

@दुसरी_बाजू, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. मी आता प्रत्येक तारखेनंतर तीन ओळी पाठवते: आज काय झालं, पुढे काय होणार, तुम्ही काय करायचं. रोजनामा (त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद) न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर कसा बघायचा तेही पहिल्याच दिवशी शिकवते, सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, पक्षकाराच्या फोनमध्येच घालून देते. हे सुरू केल्यापासून रात्री येणारे फोन खूप कमी झाले. आधी त्यांना माझ्याकडूनच काही कळत नव्हतं, म्हणून ते फोन यायचे.

नव्या वकिलांनी फोनची वेळ मात्र पहिल्या भेटीतच सांगून टाकावी, जिवाला धोका असेल तर काय करायचं ते वेगळं सांगून. माझ्या पहिल्या दोन वर्षांत मी सगळ्यांची मैत्रीण झाले होते. मला त्यांच्या बातम्या ऐकून रडू यायचं, आणि युक्तिवादाच्या वेळी आवाज कापायचा. त्याचा त्रास त्यांनाच झाला.

पहिलं_वकीलपत्र

तीन आठवड्यांनी लिहितेय. त्या बाई परत आल्या. सोबत भाऊ होता, त्याला चहा सांगून बाहेर बसवलं. चार रकान्यांचा तक्ता दोघींनी मिळून भरला. चौदा नोंदी झाल्या, त्यातल्या सहांना कागद आहे. तीन तारखा 'अंदाजे' लिहिल्यात. सुरक्षित आहात का विचारलं, तर सध्या बहिणीकडे आहेत, भीती नाही.

मग जुनी_वकिली ताईंचा प्रश्न विचारला, निकाल लागला तर दुसऱ्या दिवशी काय बदललेलं हवंय? मला वाटलं घटस्फोट म्हणतील. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझी सर्टिफिकेटं हवीत. नर्सिंगची. ती त्या घरात कपाटात आहेत. ती मिळाली तर मला नोकरी लागेल, मग बाकीचं मी बघेन." दीड तासाच्या पहिल्या बोलण्यात हे एकदाही आलं नव्हतं.

सरांशी बोलले. हिंसाचाराच्या कायद्यातल्या कलम १९(८)मध्ये स्त्रीधनाबरोबर तिच्या हक्काची इतर मालमत्ताही परत देण्याचा आदेश मागता येतो, तर त्याच कायद्याच्या कलम १२खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज आधी करावा असं ठरलं. मसुदा तयार आहे. पाच पानं झालीत, प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने नाव आहे, दोन वाक्यं खोडली. काल त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी दोन चुका काढल्या. नणंदेचं नाव जिथे घातलं होतं तिथे ती त्या दिवशी हजरच नव्हती म्हणाल्या. तिला सामनेवाल्यांतून काढून टाकलं.

एकच अडलंय. संरक्षण अधिकाऱ्यांचा (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यांचा) घटनेबद्दलचा अहवाल अजून आलेला नाही. तो येईपर्यंत थांबावं लागेल का?

धग

थांबू नकोस. पीडित स्त्री थेट अर्ज करू शकते. अहवाल आलेला असेल तर मॅजिस्ट्रेटने तो विचारात घ्यायचा, पण तो नसल्यामुळे अर्ज अडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केलंय. प्रमाणपत्रांसाठी कलम २३खाली अंतरिम अर्ज वेगळा जोड, आणि प्रत्येक प्रमाणपत्राचं वर्ष व संस्था लिहून यादी दे. 'सर्व कागदपत्रे' असं मोघम लिहू नकोस, नाहीतर अर्धी फाइल परत येईल.

आणि नर्सिंग परिषदेकडे नोंदणी झालेली असेल तर दुय्यम प्रतींसाठी तिथे आजच अर्ज करायला सांग. आदेश आधी येवो की प्रती, तिचं काम अडायला नको.

पहिलं_वकीलपत्र

नोंदणी आहे, आत्ताच विचारलं. दुय्यम प्रतींचा अर्ज त्या आज संध्याकाळी भरतायत. यादी करायला घेतली आहे. उद्या सकाळी दाखल करते.